म्हातारपणी जाड झालेली, रंग बदललेली नखं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगली भागात घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पायांची नखं बहुतेक वेळा मुलगी, सून नाहीतर नातवंडंच कापतात. ही माहिती मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. म्हातारी माणसं नखाबद्दल स्वतःहून फारसं बोलत नाहीत. लाज वाटते, किंवा ‘वयाचंच आहे’ म्हणून सोडून देतात. म्हणून एकदा घरातल्या आजी-आजोबांना उजेडात बसवा, मोजे-चपला काढायला लावा आणि दहाही बोटं नीट बघा.

वय झालं की नखं जाड होणारच ना?

थोडी होतात. साठीनंतर नखाची वाढ मंदावते, चकाकी जाते, उभ्या रेघा उठतात आणि नख ठिसूळ होतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं जेमतेम १ ते दीड. वयानुसार हा वेग आणखी कमी होतो. नखाच्या पेशी पुढे सरकायला वेळ लागला की थर एकावर एक साचतात आणि नख जाड दिसतं.

पण वयामुळे होणारा बदल सगळ्या नखांत थोड्याफार फरकाने सारखा असतो. एकाच अंगठ्याचं नख जाड झालं, पिवळं पडलं, त्याखाली भुसा साचला आणि शेजारची नखं चांगली असली, तर कारण वय नसून दुसरं काहीतरी आहे. ते शोधलं पाहिजे.

शोधावं यासाठी की जाड नख दुखतं. चपलेचा पट्टा वरून दाबतो आणि नख खालच्या मऊ कातडीत रुततं. मग माणूस पाऊल वाकडं टाकायला लागतो, अंगठ्यावर भार देत नाही, तोल जातो. सत्तरीतल्या माणसाला मोरीत घसरून पडायला एवढं पुरेसं असतं.

जाड होण्याची नेमकी कारणं कोणती?

सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे बुरशी. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांत बुरशी सापडते. उरलेल्या निम्म्यांत ती नसते, हे मात्र लोक विसरतात.

बुरशी बहुधा बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांतून येते. पावसाळ्यात पाय ओले राहतात, बेचक्यातली कातडी पांढरी होऊन सोलते, खाजते. तिथली बुरशी नखाच्या पुढच्या कडेखाली शिरते आणि हळूहळू मुळाकडे सरकते. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे भातखाचरात दिवस दिवस उभं राहणाऱ्यांच्या आणि कृष्णाकाठी उसाला पाणी पाजणाऱ्यांच्या पायात ही सुरुवात हमखास दिसते.

दुसरं कारण वर्षानुवर्षांचा मार. आखूड बूट, पुढून निमुळती चप्पल, अंगठ्याला पुन्हा पुन्हा लागणारी ठेच. नखाच्या मुळाला एकदा इजा झाली की पुढे येणारं नख कायमचं जाड येऊ शकतं. अशा नखाला बुरशीचं औषध वर्षभर लावलं तरी फरक पडत नाही.

तिसरं सोरायसिस, म्हणजे खवले सुटणारा कातडीचा आजार. यात हाताच्या नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात, नखाखाली तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळट-तांबूस डाग असतो, आणि कोपरावर, गुडघ्यावर किंवा डोक्यात खवल्यांचे चट्टे असतात. नख दाखवायला गेलात तर डॉक्टरांना कोपरही दाखवा.

चौथं, पायाला रक्त कमी पोचणं. बरीच वर्षं विडी, तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल, चालताना पोटरी भरून येत असेल आणि थांबल्यावर बरं वाटत असेल, पाय गार पडत असतील, नडगीवरचे केस गेले असतील, तर नखापेक्षा रक्तवाहिन्यांची तपासणी आधी हवी.

रंगावरून काही ओळखता येतं का?

अंदाज येतो, निदान होत नाही. तरी कोणता रंग कुठे नेतो हे माहीत असावं.

पिवळट-तपकिरी नख, खाली भुरभुरीत भुसा आणि कुबट वास असेल तर बुरशीचा संशय पहिला. वरवर पांढरे, खडू फासल्यासारखे डाग असतील आणि नखाने खरवडले की पूड निघत असेल, तर तीही बुरशीच, पण वरच्या थरातली. ही लवकर बरी होते. हिरवट किंवा हिरवट-काळं दिसलं तर सतत ओल्या राहणाऱ्या, सुटलेल्या नखाखाली वाढणारे जिवाणू असतात. भांडी-धुण्यात दिवसभर हात असणाऱ्या बायकांत हे दिसतं. त्याला बुरशीच्या गोळ्या लागत नाहीत. सुटलेला भाग कापून नख कोरडं ठेवणं हाच निम्मा उपचार असतो.

हाताचं नख मुळाकडे पांढरट आणि टोकाकडे तांबूस-तपकिरी, असं अर्धं-अर्धं दिसलं तर मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी. नखं फिकट आणि चमच्यासारखी खोलगट झाली तर रक्तातलं लोह बघावं. हातापायांची वीसही नखं पिवळी, जाड, जवळजवळ न वाढणारी, सोबत पायाला सूज आणि जुना खोकला किंवा दम असेल, तर तो एक वेगळाच, क्वचित आढळणारा आजार असू शकतो. त्यात छातीच्या डॉक्टरांकडे जावं लागतं.

आमच्याकडे हळदीचं काम आहे. नख पिवळं हळदीने झालं की रोगाने?

हा प्रश्न सांगलीतच जास्त येणार. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून शिजवणं, पॉलिश, निवड या कामांत लोकांचे हात पिवळे होतच आलेत.

डागाची कड बघा. बाहेरून लागलेल्या रंगाची मुळाकडची कड कातडीच्या कमानीला समांतर असते, म्हणजे नखाच्या मुळाशी जशी गोलाई आहे तशीच. काम थांबलं की मुळाकडून स्वच्छ नख येतं आणि डाग पुढे सरकतो. शिवाय हळदीच्या डागावर साबण लावला की तो तांबूस होतो आणि उन्हात फिकट पडतो. रोगाचं पिवळेपण साबणाने रंग बदलत नाही, टोकाकडून मुळाकडे जातं आणि त्यासोबत नख जाड किंवा सुटं होतं.

मिश्री लावणाऱ्या आजींच्या उजव्या हाताची तर्जनी निरखून बघा. फक्त त्याच बोटाचं नख तपकिरी असेल आणि बाकी नऊ स्वच्छ असतील तर तो मिश्रीचा डाग आहे. तंबाखूत चुना मळणाऱ्यांच्या अंगठ्याचंही तसंच, आणि चुन्याने नखाभोवतालची कातडीही कोरडी होऊन उलते. डागाला औषध नाही, गरजही नाही. मिश्री सुटली तर सहा महिन्यांत नख आपोआप स्वच्छ येतं.

वारीहून आल्यावर अंगठ्याचं नख काळं पडलं. घाबरायचं का?

लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी मजल-दरमजल चालताना अंगठा चपलेच्या पुढच्या कडेला हजारो वेळा आपटतो आणि नखाखाली रक्त साकळतं. ते जांभळट-काळं दिसतं. ओळखायची खूण म्हणजे ते नखाबरोबर पुढे सरकतं. आज डागाच्या मुळाकडच्या कडेपासून कातडीपर्यंतचं अंतर मोजा, दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. मध्ये २ ते ३ मिलिमीटर स्वच्छ नख आलं असेल तर ते साकळलेलं रक्तच. वर्ष-दीड वर्षात निघून जाईल.

काळजीची गोष्ट वेगळी दिसते. मुळापासून टोकापर्यंत गेलेला उभा तपकिरी-काळा पट्टा, एकाच बोटाला, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याला, पन्नाशीनंतर नव्याने उठलेला. तो ३ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, महिन्यागणिक वाढत असेल, कडा पुसट असतील किंवा रंग नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला असेल, तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. हा नखाखालचा कॅन्सर असू शकतो. आपल्या सावळ्या लोकांत अनेक नखांवर बारीक तपकिरी रेघा असणं नेहमीचं आहे, त्यांना घाबरू नका. पण एकटा, नवा, रुंदावणारा पट्टा दिसला तर वाट बघू नका. त्याला मार लागला असेल म्हणून घरीच तेल लावत बसणं सगळ्यात महागात पडतं.

बुरशीच आहे हे नक्की कसं कळतं?

नखाखालचा भुसा तपासून. डॉक्टर नखाची सुटलेली पुढची बाजू कापून काढतात आणि आतला, मुळाकडच्या बाजूचा भुसा खरवडतात. अगदी टोकाचा तुकडा दिला तर बुरशी असूनही तपासणी कोरी येते, कारण जिवंत बुरशी आतल्या कडेला असते. बहुतेक चुकीचे अहवाल इथेच घडतात.

केओएच तपासणीत भुसा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ही स्वस्त असते आणि अहवाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. कल्चरमध्ये बुरशी वाढवून तिची जात ओळखतात, त्याला चार आठवडे लागतात. तिसरी पद्धत म्हणजे नखाचा कापलेला तुकडा पॅथॉलॉजीकडे पाठवून त्याला विशिष्ट रंग देऊन बघणं. बुरशी निसटण्याची शक्यता यात सगळ्यात कमी. केओएच कोरी आली आणि संशय कायम असला तर ही करून घ्यावी.

नमुना देण्याआधी किमान दोन आठवडे नखावर कोणतंही बुरशीचं मलम लावू नका. मेंदी आणि नेलपॉलिशही नको. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो. गावातून जाताना जुने कागद, साखरेचे अहवाल आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.

तपासणी न करताच गोळ्या सुरू केल्या तर काय बिघडतं?

तीन महिने गोळ्या खायच्या, यकृतावर ताण घ्यायचा, आणि नख मारामुळे जाड झालेलं असेल तर हाती काहीच नाही. म्हातारपणी बीपी, साखर, हृदय मिळून पाच-सहा गोळ्या आधीच चालू असतात. त्यात विनाकारण सातवी घालू नये, हे आमचं ठाम मत आहे.

मेडिकलमधून आणलेल्या तीन-चार औषधांच्या मिश्रणाच्या ट्यूबचं तर बोलायलाच नको. त्यात तीव्र स्टेरॉइड असतं. चिखल्यांची खाज दोन दिवसांत थांबते म्हणून लोक खूश होतात, पण बुरशी आत पसरत राहते, कातडी पातळ होते आणि खरा आजार झाकला जातो. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेथासोन असं नाव दिसलं तर ती बुरशीवर लावू नका.

गोळ्या कोणत्या असतात, किती दिवस घ्याव्या लागतात?

बहुतेक वेळा टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम, रोज एक. हाताच्या नखांना सहा आठवडे, पायाच्या नखांना बारा आठवडे. सुरू करण्याआधी रक्तातून यकृताची तपासणी करतात. यकृताचा आजार असेल तर ही गोळी देत नाहीत, मूत्रपिंडं मंदावली असतील तरी सहसा टाळतात. घेताना तोंडाची चव गेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा भूक मेली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. मेटोप्रोलोलसारख्या बीपीच्या आणि काही नैराश्याच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण तिच्यामुळे वाढू शकतं, त्यामुळे काय चालू आहे हे लपवू नये.

दुसरी इट्राकोनॅझोल. ही कधी रोज देतात, कधी महिन्यातला एक आठवडा. हृदय कमजोर असलेल्या, पायावर सूज येणाऱ्या, दम लागणाऱ्या माणसाला ही देऊ नये. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी तिचं जमत नाही, स्नायू दुखावतात. कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यायची असते. अ‍ॅसिडिटीची गोळी सोबत घेतली तर ती नीट शोषली जात नाही. सकाळी उठल्या उठल्या ओमेप्रॅझोल आणि त्यामागोमाग ही, असं अनेक घरांत चालतं, आणि मग औषध लागू पडत नाही अशी तक्रार येते.

बारा आठवडे संपले तरी नख जाडच दिसतं, तेव्हा घाबरून पुन्हा गोळ्या आणू नका. टर्बिनाफिन नखात पुढे काही महिने टिकून राहतं. रोगट नख पुढे सरकून गळून जायला पायाच्या अंगठ्याला १२ ते १८ महिने लागतात.

गोळ्या झेपणार नाहीत. नुसत्या लेपाने भागेल का?

बुरशी नखाच्या पुढच्या निम्म्या भागातच असेल आणि मुळापर्यंत पोचली नसेल तर भागू शकतं. हा लेप नेलपॉलिशसारखा नखावर लावायचा असतो. अमोरोल्फिन ५ टक्के लेप आठवड्यातून एक-दोनदा, सायक्लोपिरॉक्स ८ टक्के रोज. हाताला सहा महिने, पायाला नऊ ते बारा महिने.

लेप फसतो तो लावण्याच्या पद्धतीमुळे. जाड नखावरून लावलेला लेप वरच राहतो. आधी कानशीने नखाचा वरचा थर घासून पातळ करायचा, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, मग कडेपर्यंत आणि सुटलेल्या टोकाखालीही लेप लावून तीन ते पाच मिनिटं वाळू द्यायचा. अमोरोल्फिन असेल तर पुढच्या वेळी जुना थर पुसून, घासून मगच नवा. या नखाची कानस चांगल्या नखांना लावायची नाही. निम्म्याहून जास्त नख गेलं असेल तर निव्वळ लेपावर वर्ष घालवू नका.

घरी जाड नख कापायचं कसं?

आधी एक अट. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल, पायाला रक्त कमी पोचत असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जाड नख घरी कापू नका. बाकीच्यांसाठी पद्धत अशी.

आदल्या आठ-दहा रात्री नखावर ४० टक्के युरिया असलेलं मलम लावा. आजूबाजूच्या कातडीला आधी व्हॅसलीन लावून घ्या, मलम फक्त नखावर हवं, आणि वरून चिकटपट्टी लावा. नख ओल्या चामड्यासारखं मऊ पडतं. मलम नसेल तर रोज रात्री खोबरेल तेल चोळा, त्याने कमी पण उपयोग होतो.

कापायच्या दिवशी कोमट पाण्यात पाय १० ते १५ मिनिटं ठेवा. पाणी किती गरम आहे ते तुमच्या कोपराने बघा, म्हाताऱ्या पायाला ते कळत नाही. मग बेचक्यांसकट पाय कोरडे पुसा. माणसाला खुर्चीत बसवा, तुम्ही समोर खाली पाटावर बसा, पाय तुमच्या मांडीवर टॉवेलवर घ्या. खिडकीचा किंवा बॅटरीचा उजेड थेट नखावर पाहिजे. चष्मा आणि मास्क घाला, कारण बुरशीच्या नखाची पूड उडते.

नेहमीचं नेलकटर इथे कामाचं नाही. त्याचं तोंड अरुंद असतं. जाड नख त्यात कोंबून दाबलं की ते कापलं न जाता उभं चिरतं आणि चीर खालच्या जिवंत कातडीपर्यंत जाते. लांब दांड्याचं, स्प्रिंगचं, पक्कडीसारखं नखांचं निपर वैद्यकीय सामानाच्या दुकानात मिळतं. एका कोपऱ्यापासून सुरू करून एका वेळी १ ते २ मिलिमीटरचाच तुकडा तोडा. मोठा घास घेऊ नका. कड सरळ ठेवा, कोपरे गोल खणू नका. कोपरा खोलवर कापला की वाढताना तीच टोकदार कड कातडीत घुसते आणि नखुर्डं होतं. नख बोटाच्या टोकाच्या बरोबरीला राहील एवढंच कापा.

मग कानस एकाच दिशेने फिरवून कड गुळगुळीत करा आणि वरून जाडी थोडी कमी करा. एका दिवसात सगळी जाडी उतरवायची नाही. दर आठवड्याला थोडी थोडी घासत गेलात तर दोन-तीन महिन्यांत चप्पल टोचायची थांबते. नख गरम वाटलं किंवा खालून गुलाबी दिसायला लागलं की तिथेच थांबा.

तुकडे कागदात गोळा करून केरात टाका. निपर आणि स्टीलची कानस साबणाने घासून, २० मिनिटं पाण्यात उकळून, कोरडी करून ठेवा. वाळूच्या कागदाची कानस प्रत्येकाची वेगळी ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी फेकून द्या.

न्हाव्याकडून नऱ्हाणीने काढून घेतलं तर चालेल?

पिढ्यान्‌पिढ्या लोक काढून घेत आलेत, आणि सरावलेला हात असेल तर तो कापतोही छान. अडचण हत्याराची आहे. तीच नऱ्हाणी सकाळपासून दहा पायांवरून फिरलेली असते. न्यायचंच असेल तर नऱ्हाणी स्वतःची घ्या, उकळलेली. मधुमेह्याचा पाय मात्र तिथे ठेवू नका. पार्लरलाही हाच नियम, आणि नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी मागे ढकलून कापायला अजिबात परवानगी देऊ नका. नखात पाणी आणि जंतू शिरू नयेत म्हणून ती सीलसारखी असते.

आबांना मधुमेह आहे. वेगळं काय करायचं?

नखाचा प्रश्न इथे पायाचा प्रश्न होतो. जाड नख चपलेखाली दाबून त्याखाली जखम करतं, संवेदना नसल्याने दुखत नाही, आणि मोज्याला ओल लागल्यावरच घरच्यांना कळतं. तोवर पू झालेला असतो.

रोज रात्री पाय बघा. त्यांना स्वतःला वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून तळवा दाखवा. नखाच्या कडेला लाली, उष्णता, ओल, वास किंवा नखाखाली काळपट डाग दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना गाठा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून नायलॉनच्या तंतूने पायाची संवेदना आणि पावलावरची नाडी तपासून घ्या. पाय गरम पाण्यात बुडवून ठेवू नका, बेचक्यात तेल किंवा मलम भरू नका, आणि अंगणातही अनवाणी फिरू देऊ नका. आबा ऐकणार नाहीत हे खरं, पण घरात घालायची वेगळी मऊ चप्पल पलंगाशी ठेवली तर सवय लागते.

मधुमेहात बुरशी आहे असं सिद्ध झालं तर ‘दिसायला वाईट, एवढंच’ म्हणून सोडू नये, उपचार करावा. साखर आटोक्यात नसेल तर औषधाला यशही कमी येतं.

बिब्बा, चुना, रुईचा चीक, हळद, व्हिनेगर यांतलं काय लावावं?

बिब्बा लावू नका. त्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि म्हाताऱ्या पायावरची ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. रुईचा चीक आणि चुना-गूळ यांचंही तेच. कुरूप जाळायला वापरलेल्या बिब्ब्याने मधुमेह्यांची बोटं गमवायची वेळ येऊ शकते, हे अतिशयोक्तीने लिहिलेलं नाही.

हळदीने इजा होत नाही, पण ती नखाच्या थरातून खाली पोचत नाही, आणि नख पिवळं करून डॉक्टरांचं काम अवघड करते. व्हिनेगर एक भाग, पाणी दोन-तीन भाग, असं हिरव्या पडलेल्या नखाला काही दिवस वापरता येतं, कातडी फाटलेली नसेल तरच. बुरशी त्याने मुळातून जात नाही.

नख शिंगासारखं वळलंय. ते कापवतही नाही.

मेंढ्याच्या शिंगासारखं वळून दुसऱ्या बोटावर चढलेलं, तपकिरी, दगडासारखं नख बहुधा वर्षानुवर्षं न कापल्याने आणि जुन्या माराने होतं. एकटं राहणाऱ्या, कमरेतून वाकता न येणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांत ते दिसतं. घरी हात लावू नका. दवाखान्यात यंत्राने घासून किंवा मोठ्या निपरने ते उतरवतात, सहसा दुखत नाही. पुन्हा पुन्हा तसंच येत असेल तर बोट बधिर करून नख काढतात आणि मुळावर फिनॉल लावतात, म्हणजे ते परत उगवत नाही. पायाला रक्तपुरवठा चांगला आहे ना, हे तपासल्याशिवाय ही शस्त्रक्रिया करायची नसते.

आणि त्या माणसाला रागावू नका. पायापर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता, आणि सांगायचा संकोच होता.

बरं झाल्यावर पुन्हा होऊ नये म्हणून?

पुन्हा होण्याचं प्रमाण मोठं आहे, म्हणून हा भाग औषधाइतकाच मोलाचा. उसाला पाणी पाजून आल्यावर गमबूट उलटे टांगून वाळवा, आतून ओले असताना दुसऱ्या दिवशी घालू नका. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा. पाय धुतल्यावर बेचक्या जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने पुसा, तो तुकडा रोज धुवा. मोजे सुती, रोज बदललेले, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवलेले. चपलेत पुढे अंगठ्याच्या नखासमोर बोटभर जागा हवी. चप्पल संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

चिखल्या दिसल्या की त्याच आठवड्यात उपचार करा, बुरशी तिथूनच नखात परत येते. आजाराच्या काळातले जुने बंद बूट टाकून द्या. जीव होत नसेल तर निदान आतून बुरशीनाशक पावडर मारून चार-पाच दिवस उन्हात ठेवा.

घरातल्या इतरांना लागण होते का?

होऊ शकते, पण जेवणाच्या ताटातून नाही. नेलकटर, टॉवेल, मोजे, चपला आणि मोरीतली ओली फरशी यांतून जाते. तेवढं वेगळं ठेवा, आजी-आजोबांना वेगळं पाडायचं कारण नाही. नातवाला कुशीत घेऊन झोपलं तरी काही होत नाही.

जोडव्यांचा काही संबंध आहे?

थोडा आहे. वयाने बोटं सुजतात, सांधे मोठे होतात आणि चाळीस वर्षांपूर्वी घातलेली जोडवी निघेनाशी होतात. त्यांच्याखाली ओल राहते, चिखल्या होतात, मधुमेहात कातडी कापते. साबण लावून फिरवत काढून बघा. न निघाली तर सोनाराकडून कापून घ्या आणि हवी असतील तर मोकळी, उघडी मिळणारी घाला. काढायला मन धजत नसेल तर रोज खालून पुसून कोरडं करायचं एवढं तरी ठरवा.

औषध लागू पडतंय हे कसं ओळखायचं?

पुढचं जाड टोक बघू नका, मुळाकडे बघा. चांगल्या आणि रोगट नखाच्या सीमेवर डॉक्टर कधी कधी कानशीने बारीक आडवी खूण करतात. ती खूण पुढे सरकत गेली आणि तिच्या मागचं नख गुलाबी, सपाट, कातडीला चिकटलेलं आलं, तर औषध चाललंय. घरी हे मोबाईलने जमतं. दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच खिडकीशी, अंगठ्याशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. चार महिन्यांत मुळाकडे स्वच्छ नखाची ४-५ मिलिमीटरची पट्टी दिसली पाहिजे. अगदी मंद वाढणाऱ्या नखात ती ३ असली तरी चालेल. पट्टीच दिसत नसेल, किंवा रोगट भाग खुणेच्या मागे सरकला असेल, तर तेच औषध रेटत न राहता फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा आणि नमुना पुन्हा तपासायला सांगा.